नाणे, नाका आणि आमचे अण्णा

आमच्या बँकेच्या काउंटरवर गेली काही वर्षे मी जी एक वस्तू विकतो आहे, ती काय आहे हे मला आमच्या अण्णांना अजून समजावून सांगता आलेले नाही. मी बी.कॉम. आहे. घसारा म्हणजे काय, हे मी शेजारच्या मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री समजावले आहे आणि तो पासही झाला आहे. पण अण्णांपुढे माझी डाळ शिजत नाही.

ती वस्तू म्हणजे फास्टॅग. बोटभर रुंदीची एक पट्टी. ती मोटारीच्या काचेला आतून चिकटवायची. टोलनाक्यावरचे यंत्र ती वाचते, खात्यातून पैसे वळते होतात, आडवा दांडा सलाम ठोकल्यासारखा वर जातो आणि आपण पुढे. २०२१ सालच्या १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर ती सक्तीची झाली. तेव्हा आमच्या शाखेत एवढी रांग लागली होती की, एक आजी निराधार योजनेचे पैसे घ्यायला आल्या होत्या, त्या पट्टी घेऊनच परत जायच्या बेतात होत्या.

अण्णांची गोष्ट वेगळी. अण्णा बत्तीस वर्षे एका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. जाणकार सांगतील की जकात वेगळी, टोल वेगळा. जकात गावात येणाऱ्या मालावर, टोल रस्त्यावरून जाणाऱ्या चाकांवर. ते मलाही ठाऊक आहे. पण अण्णांच्या हिशोबी रस्त्यात आडवा बांबू आला, बाजूला खोपटे आले, खोपट्यात माणूस आला की तो नाका. आणि नाका म्हटला की पावती.

परवाच्या मे महिन्यात बहिणीकडे पुण्याला निघालो होतो. गाडी माझी, म्हणजे आधी दोघांची झालेली आणि मग माझी. अण्णा पुढे बसले होते. खालापूरचा नाका दिसताच त्यांनी कोपरीच्या खिशातून पाचशेची नोट काढून मांडीवर सरळ केली. तेवढ्यात दांडा वर गेला आणि मी गाडी दामटली.

"अरे थांब! पैसे दिले नाहीस!"

"गेले, अण्णा. आपोआप कापले गेले."

"कुणी कापले?"

"यंत्राने."

"आणि पावती?"

"मोबाईलवर येईल."

"खिडकीत तर माणूस बसला होता."

"तो नुसता बसतो."

यानंतर अण्णा लोणावळ्यापर्यंत बोलले नाहीत. 'नुसता बसतो' हे वाक्य मी नाक्यावर बत्तीस वर्षे बसलेल्या माणसाला ऐकवले होते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा आम्ही घाट चढून गेलो होतो. लोणावळ्याला ते एवढेच म्हणाले, "माझ्या नाक्यावरून पावतीशिवाय गाढवसुद्धा गेलेलं नाही."

हे अक्षरशः खरे आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. मी चौथीत असताना दिवाळीला मामा आला, तो एस.टी.ने न येता ओळखीच्या टेम्पोतून आला. बरोबर गुळाच्या दोन ढेपी आणि अर्धे पोते शेंगा, सगळे आईसाठी. नाक्यावर अण्णांचीच पाळी होती. मामाने हसत हात हलवला. अण्णांनीही हसत हात हलवला, आणि दुसऱ्या हाताने पावती फाडली. एक रुपया चाळीस पैसे. मामा म्हणाला, "दाजी, बहिणीच्या घरी गूळ न्यायला जकात?" अण्णा म्हणाले, "घर माझं आहे, वेस नगरपालिकेची आहे." शेवटी पैसे अण्णांनीच खिशातून भरले, पण पावती मामाच्या नावाने केली, कारण माल त्याचा होता. त्यानंतर तीन दिवाळ्या मामा आमच्याकडे आला नाही. भाऊबीजेला आई तोंडाने काही बोलायची नाही, फक्त ताट वाढताना वाटीचा आवाज जरा जास्त व्हायचा. ती पावती अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. का ठेवली, हे त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही.

तर खालापूरच्या प्रकारानंतर मी टोलचा इतिहास वाचायला घेतला. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. अण्णांना एकदा निरुत्तर करावे, इतकाच माफक हेतू होता.

आता हा शब्दच बघा. सरकारी फलकावर 'पथकर' लिहितात. पथकर या शब्दाचा आजवर कुणाला राग आलेला नाही, कारण तो कुणी वापरतच नाही. आपण टोल म्हणतो. माझ्या लहानपणी टोल म्हणजे शाळेच्या घंटेचा. शेवटचा टोल पडला की आनंद व्हायचा. आता शेवटचा टोल कधी पडणार याचीच लोक वाट बघतात, आणि अधिकारी मंडळी ज्याला विचारावे तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. टोलवाटोलवी हा शब्द आपल्या भाषेत आधीपासून होता, हे किती बरे झाले.

माझी समजूत होती की टोल हे इंग्रजांचे देणे. तर नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त, दुसऱ्या अधिकरणात, सरहद्दीवरच्या अंतपाल नावाच्या अधिकाऱ्याने घ्यायच्या 'वर्तनी'चे दर दिलेले आहेत. वर्तनी म्हणजे रस्त्याचा कर. मालाच्या गाडीला सव्वा पण. घोडा, गाढव असल्या एका खुराच्या जनावराला एक पण. गुराला अर्धा, शेळीमेंढीला पाव, आणि खांद्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाला एक माषक. मी हे वाचले आणि खालापूरचा फलक डोळ्यांपुढे आला. कार-जीप, मिनीबस, ट्रक, बस, तीनपेक्षा जास्त आसांची वाहने. क्रम तोच, फक्त खूर गेले आणि आस आले. एक फरक मात्र आहे. हल्ली फलकाशेजारी टोलमाफीची एक लांबलचक यादी असते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यापासून सुरू होऊन ती खासदार-आमदारांपर्यंत उतरते. मी प्रत्येक वेळी ती शेवटपर्यंत वाचतो. बँक कारकुनापाशी ती अजून आलेली नाही.

हे सगळे मी रात्री जेवताना अण्णांना मोठ्या उत्साहाने ऐकवले. "बघा, तेवीसशे वर्षांपूर्वीसुद्धा टोल होता," असा एकूण सूर. (काही विद्वान तो ग्रंथ एवढा जुना मानत नाहीत, पण जेवताना शे-दोनशे वर्षे इकडेतिकडे चालतात.) ऐकताना अण्णांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"पुढं काय लिहिलंय?"

पुढे जे होते, ते मी मुद्दामच गाळले होते. कौटिल्य म्हणतो, वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल किंवा चोरीला जाईल, ते त्या अंतपालाने भरून द्यावे.

"भरून द्यायचं?" अण्णा ताठ बसले.

"असं लिहिलंय."

"मग बरोबर आहे. पैसे घेतले, राखण केली. गेलं तर भरून दिलं. याला नाका म्हणतात." मग जरा थांबून, "त्या दिवशी येताना फूड मॉलमध्ये माझा स्टीलचा डबा राहिला. तुझ्या यंत्राला सांगून बघ."

निरुत्तर करायला गेलेल्या माणसाची ही गत झाली. तरी मी चिकाटी सोडली नाही. कौटिल्य परका पडला, आपण आपल्या मुलखात शोधू, असे म्हणून मी नाणेघाटापाशी आलो.

नाणेघाट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पावसाळ्यात भजी खाण्याच्या निमित्ताने पाहिलेला असतो. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही खिंड. सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांवरचा माल याच वाटेने घाटावर चढायचा. वर तोंडाशी दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. जाणारा-येणारा त्यात टोलचे नाणे टाकायचा, अशी परंपरेने चालत आलेली समजूत. घाटाचे नावही त्यावरूनच पडले, म्हणतात. खाली कातळात कोरलेल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडिताने त्याचा अभ्यास केला. त्यात कोरलेले आकडे हे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी आहेत.

कॉमर्सवाल्याला आकडे दिसले की तो अक्षरे सोडून देतो. मी त्या लेखाचे भाषांतर मिळवले आणि नेहमीच्या सवयीने उभ्या रकान्यात मांडायला घेतले. अमुक यज्ञाची दक्षिणा, १,७०० गायी आणि १० हत्ती. तमुक यज्ञाची, ११,००० गायी आणि १,००० घोडे. शिवाय कार्षापण नावाची नाणी, तीही हजारांनी. मांडता मांडता माझ्या लक्षात आले की ही सगळी खर्चाची बाजू आहे. जमेची बाजू लेखात नाहीच! टोलचा त्यात शब्दही नाही. म्हणजे दान दिले ते दगडावर कोरले, दोन हजार वर्षे टिकेल असे. आणि त्या वाटेवर लोकांकडून जे घेतले म्हणतात, त्याच्यासाठी एक रांजण, ज्याच्यावर एक अक्षर नाही. नागनिका राणीविषयी मला पूर्ण आदर आहे. पतीच्या माघारी तिने राज्याची धुरा सांभाळली असे इतिहासकार सांगतात, ती बाई थोरच. पण तिच्या कारकुनाने ताळेबंद अर्धा ठेवला, हे मी व्यवसायबंधू म्हणून नम्रपणे नोंदवतो. आमच्या शाखेत अंतर्गत तपासणीला हे चालले नसते.

पेशवाईत आलो तेव्हा तर मी चक्क खुर्चीतून उठलो. त्या काळी जकातीची ठाणी जागोजागी. माल भरला तिथे थळभरीत, माल फोडला तिथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर ज्याच्या त्याच्या हद्दीत निराळे देणे. व्यापारी बैल हाकणार की हिशोब करणार? तेव्हा हुंडेकरी नावाचे लोक पुढे आले. व्यापाऱ्याने यांना एकरकमी पैसे द्यायचे. मग वाटेतल्या सगळ्या ठाण्यांशी काय ते हे बघून घेणार. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांची दखल घेतलेली आहे.

"अण्णा!" मी ओरडलोच. "फास्टॅग म्हणजे हुंडेकरी!"

आणि आश्चर्य म्हणजे, ते अण्णांना तत्काळ समजले. 'रेडिओ लहरी' आणि 'प्रीपेड वॉलेट' यांनी जे साधले नव्हते, ते एका जुन्या शब्दाने साधले. ते म्हणाले, "असं सांग ना मग. हुंडेकरी मी पाहिलेत. ट्रकवाले होते. पण एक सांग, तो हुंडेकरी हिशोब दाखवायचा का?" मी म्हणालो, "मोबाईलवर मेसेज येतो." अण्णा म्हणाले, "मेसेज म्हणजे 'मी पैसे घेतले' असं त्याने सांगणं. पावती म्हणजे 'का घेतले' ते लिहून देणं."

इंग्रजांच्या काळाकडे मी जरा जपूनच गेलो. बोर घाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. त्याच वेळचा तिथला पूल पुढे डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाऊ लागला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा होता ती संधी साधून, तो पाडला. १८५१ मध्ये टोलचा कायदा आला. सरकारने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर, पुलांवर टोल बसवायला त्याने मुभा दिली. तेव्हापासून वाट चालणारा कायदेशीररीत्या गिऱ्हाईक झाला.

या सगळ्या वाचनात मी एकाच ठिकाणी थबकलो, ते माहीमच्या खाडीपाशी. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, लोक नावेने ये-जा करत आणि पावसाळ्यात नावा उलटत. पूल बांधावा अशी मागणी होती, पण सरकारचा हात आखडता. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी पैसे दिले. आधी एक लाख रुपये. ते पुरेनात तेव्हा आणखी सत्तावन्न हजार. एकूण १,५७,०००. आणि अट एकच घातली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला.

मी दीड लाखाचा आजचा हिशोब करू लागलो होतो, तो सोडून दिला. मला अटीचे कौतुक वाटले. देणगी देणारे पुष्कळ असतात. बँकेत आम्ही रोज बघतो. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालून पंखा देणारे असतात. पण आपल्या पैशाने बांधलेल्या वाटेवर उद्या कुणीतरी बांबू आडवा टाकील, हे या बाईने आधीच ओळखले आणि तो बांबू जन्मायच्या आधीच मोडून ठेवला. आज वांद्र्याला उभे राहिले तर एका बाजूला तो कॉजवे आहे आणि दुसऱ्या बाजूला २००९ मध्ये खुला झालेला सागरी सेतू. सेतूवर टोल आहे. कॉजवेवर ट्रॅफिक जाम आहे, पण टोल नाही. आवाबाईंनी ट्रॅफिकविषयी अट घालायला हवी होती, असे आमच्या सौ.चे मत पडले.

अण्णांनी ही हकीकत डोळे मिटून ऐकली. मला वाटले, डोळा लागला. मग म्हणाले, "बाई मोठी होती." आणि पुष्कळ वेळाने, "म्हणजे तिथं नाक्यावर कारकून बसलाच नसेल कधी. बरं झालं. त्याचा मेव्हणा तरी तुटला नाही."

आपल्या काळातला इतिहास सांगायला फार काही नाही, तो आपण गाडीत बसूनच पाहिलेला आहे. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' ही त्रिसूत्री आली. त्यातल्या पहिल्या दोन क्रियापदांचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरला मोटारीचे २०२३ च्या एप्रिलपासून ३२० रुपये झाले. कोल्हापूरकरांना शहरातल्या रस्त्यांसाठी टोल लावला, तेव्हा त्यांनी तो काही पचू दिला नाही. मोर्चे, कृती समित्या, सगळे झाले आणि तो रद्द करून घेऊनच ते थांबले. २०१५ च्या जूनपासून राज्याने बारा नाके बंद केले आणि त्रेपन्न नाक्यांवर लहान गाड्या सोडल्या. मुंबईच्या पाच वेशींवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, उड्डाणपुलांच्या खर्चापोटी वर्षानुवर्षे टोल चालू होता. तो १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून लहान गाड्यांना माफ झाला. तेव्हा मोटारीला ४५ रुपये पडत. मुलुंडला माझा पाय अजून ब्रेकवर जातो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी टोलच्या विरुद्ध नाही. रस्ता चांगला असेल तर पैसे द्यायला काय हरकत आहे? पाचशे रुपयांचा पिझ्झा आपण निमूटपणे खातोच. पण बँकेत कर्ज फिटले की आम्ही गिऱ्हाइकाला एक दाखला देतो, 'येणे बाकी नाही' असा. तो हातात पडला की म्हातारी माणसे तो कपाळाला लावतात. मी पाहिलेले आहे. रस्त्याचे कर्ज फिटल्याचा दाखला नाक्यावर चिकटवलेला मी अजून पाहिलेला नाही. इतके झाले, इतके राहिले, अशी चार ओळींची पाटी रोज खडूने लिहिली तरी निम्मे भांडण मिटेल. आमच्या गावची पिठाची गिरणीसुद्धा उधारीची पाटी लिहिते.

असो. मी नाणेघाटाविषयी इतके बोललो की दिवाळीनंतर अण्णाच म्हणाले, "चल, बघून येऊ तुझा तो गल्ला." डोंबिवलीहून निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज चढून जुन्नर, आणि तिथून घाटघर. वर गाडी उभी केली तसा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. "पार्किंगचे वीस रुपये."

मी नोट पुढे केली. अण्णांनी माझा हात धरला.

"पावती?"

"पावती नसते, आजोबा."

"मग कर. वही आहे ना? गाडीचा नंबर लिही. तारीख लिही. वेळ लिही. वीस रुपये, अक्षरी आणि अंकी. खाली सही."

मला शरमेने मेल्यासारखे झाले. मागे तीन गाड्या खोळंबल्या. पण तो मुलगा अण्णांकडे बघत राहिला आणि मग दप्तर आणायला पळाला. वहीचे पान फाडून त्याने सगळे लिहिले. वेळ, सकाळी अकरा दहा. 'अक्षरी' म्हणजे काय हे अण्णांनी त्याला समजावले. मग परत निघायची वेळही त्याच पानावर टाकायची, हे बजावून आम्ही पुढे गेलो.

रांजण पाहून अण्णांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. आत डोकावले. आत पालापाचोळा आणि वेफर्सचे एक रिकामे पाकीट. "झाकण नाही," ते म्हणाले. "कुलूप नाही. रात्रीच्या पाळीला कोण असायचं?" मग हळूहळू, माझ्या खांद्यावर हात ठेवून, गुहेपर्यंत उतरले. तिथे राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे कोरलेले होते. वर नावे आहेत, खाली नुसती पावले उरली आहेत. लेखाच्या भिंतीपुढे ते बराच वेळ उभे होते. अक्षर ओ की ठो कळत नव्हते, पण आकडे कुठले ते मी दाखवल्यावर त्यांनी हवेतच बोट फिरवून एक-दोन गिरवले. "अक्षर चांगलं आहे कारकुनाचं," ते म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी खिशातून एक रुपया काढला. मला वाटले, आता रांजणात टाकणार. फोटो काढायला मी मोबाईल सरसावला. त्यांनी तो रुपया थोडा वेळ बोटांत फिरवला आणि पुन्हा खिशात ठेवला. "घ्यायला कुणी नाही," म्हणाले. परत निघताना मुलाने दीड वाजल्याची नोंद केली आणि न सांगता सही ठोकली.

जुन्नरला मोबाईलला रेंज आली तसे चार-पाच मेसेज एकदम आले. त्यातल्या एकात म्हटले होते, की आपले वाहन आज अकरा वाजून बावन्न मिनिटांनी अमुक नाक्यावरून गेले, सबब आपल्या खात्यातून १०५ रुपये वजा केले. तो नाका आम्ही उभे होतो तिथून दोनशे किलोमीटरवर. त्या जिल्ह्यात मी उभ्या जन्मात गेलेलो नाही.

मी कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. इतका आनंद त्यांना नातवाच्या बारशालाही झाला नव्हता. डोंबिवली येईपर्यंत त्यांनी मला तोंडी अर्ज सांगितला. 'विनंती अर्ज की,' इथपासून 'कळावे' पर्यंत.

अर्ज रीतसर वर गेला आणि आठ दिवसांनी रीतसर खाली आला. 'संबंधित शाखेने ग्राहकाकडून त्या वेळी वाहन अन्यत्र असल्याचा लेखी पुरावा घेऊन अभिप्रायासह सादर करावा.' आमच्या शाखेत हे काम माझ्याकडे आहे. तेव्हा मी, कारकून, याने मला, ग्राहकाला, पत्र लिहिले. ग्राहकाने पुरावा आणून दिला. कारकुनाने तो तपासून घेतला. वहीचे पान. पाठीमागे 'माझा आवडता पक्षी' हा निबंध, मोर आणि पिसारा यांच्यामध्ये तुटलेला. स्कॅन दोन्ही बाजूंनी करावे लागते, नियम आहे, म्हणून मोरही मुख्यालयात गेला. तिकडून एक शंका आली, पावती देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय? मी अभिप्राय लिहिला, 'पावती देणारा इयत्ता सहावीत असून अक्षर सुवाच्य आहे.' त्यानंतर शंका आली नाही.

बाविसाव्या दिवशी १०५ रुपये खात्यात परत आले. संध्याकाळी मी घरी येऊन अण्णांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"जमा झाल्याची पावती?"

दुसऱ्या दिवशी मी पासबुक भरून आणले. ती ओळ त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केली, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स काढायला लावली, तिला वहीचे पान टाचले आणि पत्र्याची ट्रंक उघडली. मामाची पावती वरच होती. ती उचलून त्यांनी हे कागद खाली ठेवले आणि ती पुन्हा वर ठेवली.